बापाने सांगितलेला पिक्चर

माझा बाप इंग्रजी पिक्चर लोकांना समजावून सांगायचा. इंग्रजी त्याला येत नव्हतं. मराठीही वाचता येत नव्हतं. सही करायचा तेवढीच, आणि तीसुद्धा कागदाच्या कडेकडे घसरत जायची. तरी एक हिवाळा आणि पुढचा अर्धा उन्हाळा आसपासच्या गावांतली माणसं बाजाराच्या दिवशी त्याचं ऐकायला मारेगावला यायची. ही गोष्ट मी नातवंडांना कधी सांगितली नाही. सांगण्यासारखी नाही असं नव्हे. ती मी बुडवली, म्हणून.

आमचं घर गावाच्या खालच्या अंगाला, बौद्ध वस्तीत. दोन खोल्या आणि पुढे टिनाची सपरी. बाप मारेगावच्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. रुईची गाठ दाबून बाहेर आली की तिचा नंबर लिहिणाऱ्या बाबूला ओरडून सांगायचा, हे त्याचं काम. यंत्रांच्या घरघरीवर ज्याचा आवाज चढेल त्यालाच ते मिळायचं. घरी मात्र तो हळू बोलायचा. माय म्हणायची, आवाज जिनिंगमध्येच खुंटीला टांगून येतो हा माणूस. सकाळी जिनिंगचा भोंगा आमच्या गावापर्यंत ऐकू यायचा आणि त्या भोंग्यावर माय चुलीवर तवा ठेवायची. ज्वारीची भाकर, सोबत बेसनाचं चून नाहीतर अंबाडीची भाजी, थंडीत तुरीच्या सोल्यांची भाजी. बाप भाकर फडक्यात बांधून पायी निघायचा. घरात घड्याळ नव्हतं आणि त्याची गरजही पडली नव्हती.

त्या वर्षांत कापूस होता आणि भाव नव्हता. वरच्या आळीतल्या घरांत कापूस आढ्यापर्यंत भरलेला, घरची माणसं अंगणात झोपायची. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागायची. दिवसेंदिवस रांगेत काढल्यावर ग्रेडर मूठभर कापूस हातात घेऊन चोळायचा आणि म्हणायचा, ओला आहे; नाहीतर म्हणायचा, पिवळा आहे. एवढ्यावर माणसाचं वर्ष खालच्या दर्जात जायचं. लोक विकेनात. जिनिंगला माल येईना. एके सकाळी भोंगा वाजला नाही. त्यानंतर कितीतरी दिवस माय तवा हातात घेऊन चुलीपुढे बसायची आणि मग उशीर झाला म्हणून कोंबड्याला शिव्या द्यायची.

मी तोवर चौथी करून दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जात होते. पाचवीचा वर्ग मारेगावला होता. मला कोणी पाठवलं नाही आणि मी रडलेही नाही. आता ऐकणारे हळहळतात. तेव्हा कोणी हळहळलं नव्हतं, त्यामुळे आताच्या हळहळीचं मला काही वाटत नाही.

चौथीचा एक उपयोग मात्र झाला. पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन असायचं. वस्तीतल्या बायकांत न अडखळता वाचणारी मी एकटी, म्हणून चौदाव्या वर्षी ते काम माझ्याकडे आलं. पांढऱ्या कपड्यावर पुस्तक, समोर मेणबत्ती. नियम एकच, वाचन चालू असताना कोणी मधे बोलायचं नाही. पटो न पटो, हात जोडून ऐकायचं. बाप पहिल्या ओळीत बसायचा. माझ्याकडे बघायचा नाही, पुस्तकाकडे बघायचा. ज्या माणसाच्या बापाला कोणी पुस्तकाला हात लावू दिला नव्हता, तो माणूस छापलेल्या अक्षराला खोटं म्हणणार नाही, हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं.

जिनिंग बंद पडल्यावर तिचं एक गोदाम रिकामं पडलं. ते रहीमभाई नावाच्या माणसाने भाड्याने घेऊन तिथे व्हिडिओ लावला. टेबलावर टीव्ही, खाली सरकीची जुनी पोती बसायला, मागे चार खुर्च्या मोठ्या घरच्या लोकांसाठी. भिंतीच्या टिनाला जुनी रुई चिकटलेली होती. टीव्ही लागला की ती निळी दिसायची. आत सरकीचा तेलकट वास. बापाला दारावर तिकिटं फाडायचं काम मिळालं. हिंदी पिक्चर लोकांचे बघून झाले, तेव्हा रहीमभाईने नागपूरहून कॅसेटांचा एक गठ्ठा आणला. त्यात एकाच गोष्टीचे तीन भाग निघाले, इंग्रजीतले. ताऱ्यांमधली लढाई, आगीनगाडीएवढी उडती जहाजं, तीन चंद्रांचा उजेड. दुसरं काही नव्हतं म्हणून त्याने बाजाराच्या दिवशी दुपारी पहिला भाग लावला.

थोड्याच वेळात लोक ओरडायला लागले. "अबे, हे का बोलून राह्यले?" "रहीमभाई, पैसे वापस द्या." बाप दारात उभा होता. काम जाईल अशी त्याला भीती वाटली असणार. तो जिनिंगच्या आवाजात ओरडला, "चूप बसा. मी सांगतो."

टीव्हीवर एक माणूस दिव्यासारखं काहीतरी हातात धरून पांढरे, चमकणारे दगड तपासत होता. फाटक्या कपड्यांतली माणसं रांगेत उभी होती.

"हा ग्रेडर हाय," बाप म्हणाला. "म्हनते, तुमचा माल ओला हाय."

ओरडणारे पुन्हा टीव्हीकडे वळले. मग मागून कोणी म्हणालं, "लेकाचा तिथंबी पोचला का?" आणि जे हसू फुटलं ते बाहेर बाजारात ऐकू गेलं. त्या दिवशी कोणी पैसे मागितले नाहीत. पुढच्या बाजाराला रहीमभाईने बापाच्या हातात माइक दिला.

लोकांनी तो भाग चार-चारदा पाहिला. पात्रांना नावं बापानेच दिली. शत्रूचा मुख्य माणूस ग्रेडर. यंत्रं दुरुस्त करत फिरणारा जवान पोरगा, तो फिटर. आणि पांढऱ्या वेणीची म्हातारी, जी सगळ्यात मोठं जहाज चालवायची, तिचं नाव धुरपता. धुरपता हे बापाच्या मायचं नाव. तिने त्याला लहानपणी मामाकडे ठेवलं होतं आणि ती न्यायला आली तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं. हे मला ठाऊक होतं. मी त्याचा काही विचार केला नाही.

दुसऱ्या भागाच्या शेवटी ग्रेडरची जहाजं पाठलाग करतात. धुरपता फिटरला एका लहान जहाजात कोंबते, ते दूर लोटून देते आणि आपलं मोठं जहाज वळवून एकटी ग्रेडरकडे निघते. तिथे कॅसेट संपायची. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. त्या मुंग्यांवर बाप हळू आवाजात सांगायचा, "थे त्याची माय हाय. त्याले माहीत नाई. त्याच्या मांगं कोनी जाऊ नाई म्हनून थे वापस चालली." बायका पदराने नाक पुसत बाहेर पडायच्या.

मग आठवडाभर वावरात तेच. कमरेला कापसाची ओटी बांधून आम्ही ओळीने वेचत असू आणि बोंडाबरोबर पिक्चर निघायचा. वच्छलाकाकू आमची शेजारीण, तिला सगळ्यात जास्त नाद.

"बेबे," ती मला म्हणायची, "धुरपता त्याची माय हाय, तं सांगत काहून नाई त्याले?"

"सांगून काय करते?" पलीकडच्या ओळीतून गयाबाई. "थो पाय धरून बसन. मंग जहाज कोन चालवन, तुहा नवरा?"

"माह्या नवऱ्याले बैलगाडी चालवता येत नाई."

"पन बेबे, तुह्या बापाले कसं समजलं माय हाय म्हनून? इंग्रजीत बोलले का थे?"

हा प्रश्न मी बापाला घरी विचारला होता. तो भाकर खात होता. म्हणाला, "थो पोरगा बोलते तवा थे बुढी त्याच्या तोंडाकडं पाह्यत नाई. हाताकडं पाह्यते. लहानपनी सोडलेलं लेकरू परत भेटलं, तं माय पयले हात पाह्यते. काम करून करून कसे झाले म्हनून." मी हे वावरात सांगितलं. बायका वेचायच्या थांबल्या, मालकाची हाक येईपर्यंत.

वरच्या आळीतल्या पाटलाची मुलगी सुलभा वणीला कॉलेजात शिकत होती. सुट्टीत आली की तीही तो पिक्चर बघायची, मागच्या खुर्चीवरून. तिच्याकडे एका रंगीत मासिकाचं पान होतं. परदेशात म्हणे त्या पिक्चरचं एक अख्खं गाव बांधलं होतं. तिकीट काढून आत जायचं, जहाजात बसायचं, ते खरंच हलायचं. सुलभाने ते पान आम्हाला बांधावर दाखवलं, आपल्या हातात धरूनच. भाकरी खाता खाता बायकांनी त्या गावाची चौकशी केली. वच्छलाकाकूने विचारलं, धुरपता बसते थे खुर्ची हाय का तिथं? गयाबाई म्हणाली, पयले इचार जेवाले काय देते. कोणी म्हणालं, ग्रेडरबी ठेवला असन, दारातच. सुलभा हसली. ती आमच्याबरोबर हसते असं मला वाटलं.

मग सुलभाने मला घरी बोलावलं. तिच्या ओसरीच्या पायरीवर मला बसवलं आणि एक पुस्तक दिलं. पातळ, पिवळ्या कागदाचं, मराठीत छापलेलं. त्याच पिक्चरची कादंबरी. "वाच," ती म्हणाली. "तुझे बाबा सगळं मनचं सांगतात, कळेल तुला. तू हुशार आहेस म्हणून देते." मला कोणी हुशार म्हटलं नव्हतं. मी ते पुस्तक तीन दिवसांत वाचलं. त्यात दुसऱ्या भागापर्यंतची गोष्ट होती. ग्रेडरचं नाव वेगळंच होतं, पांढरे दगड म्हणजे कसलं तरी इंधन होतं, आणि म्हातारी फिटरची माय नव्हती. ती शत्रूची हेर होती. ती वापस जात होती ते बक्षीस घ्यायला.

तीन दिवस मी बापाला काही बोलले नाही. त्याच्याकडे बघायची तेवढी. तो अंगणात बसून, ओठ हलवत, न पाहिलेल्या तिसऱ्या भागाची तयारी करायचा. आधी मला दया आली. मग लाज वाटली. दया ठेवली असती तर बरं झालं असतं.

होळीनंतरच्या बाजाराला रहीमभाईने तिसरा भाग लावायचं ठरवलं. गोदाम भरून लोक बाहेर उभे. माय कधी येत नव्हती, ती आली, पदरात भाजलेल्या शेंगा घेऊन. मागे खुर्च्यांवर सुलभा आणि तिच्या वणीच्या दोन मैत्रिणी. बापाने नव्या लोकांसाठी आधी मागची गोष्ट सांगायला घेतली. ग्रेडर म्हणाला की मागून फिसकन हसू यायचं. फिटर म्हणाला की पुन्हा. मी पुढे पोत्यावर बसले होते आणि ते हसू माझ्या मानेवर पडत होतं. पिशवीत पुस्तक होतं. ते मी नेलं होतं, म्हणजे माझ्या मनात आधीपासूनच होतं. उगाच त्या मुलींवर कशाला घालू.

बाप म्हणाला, "धुरपता त्याची माय..." आणि मी उभी राहिले. मी सुलभासारखं बोलायचा प्रयत्न केला. म्हणाले, "बाबा, असं नाहीये. पुस्तकात वेगळं दिलंय." आणि पान उघडून वाचायला लागले. विहारात वाचायची तसंच, ठासून, न अडखळता. ती वृद्धा शत्रूची हेर होती. आपल्या धन्याकडे परतताना तिच्या मुखावर कुत्सित हास्य होते.

बाप मला गप्प बसवू शकला असता. त्याच्या हातात माइक होता आणि त्याचा आवाज यंत्रांवर चढायचा. पण वाचन सुरू झालं होतं. त्याने माइक खाली ठेवला, जमिनीवर बसला आणि हात जोडले. मी पूर्ण पान वाचलं. कोणी मधे बोललं नाही.

वाचून झाल्यावर वच्छलाकाकू म्हणाली, "मंग तुहा बाप आमाले इतले दिवस खोटं सांगत होता का वो?" मला वाटलं होतं लोक माझ्याकडे बघतील. लोक बापाकडे बघत होते. "बुढ्यानं चांगलं येडं बनवलं," कोणी म्हणालं. बाप बुढा नव्हता. मागून सुलभा म्हणाली, "छान वाचलंस गं."

बाप उठला. माइक उचलून त्याने माझ्या हातात दिला. रागाने नाही. "सांग बाई पुढचं," तो म्हणाला. "पुस्तकात असन तसं." आणि रहीमभाईला खूण केली. कॅसेट सुरू झाली.

पुस्तकात पुढचं नव्हतं. टीव्हीवर माणसं भराभरा बोलत होती आणि मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. माइक जड होता, बापाच्या हाताने गरम झालेला. मी तोंड उघडलं की नुसता श्वास गोदामभर ऐकू जायचा. लोक एकेक करून उठले. माय उठली, तिच्या पदरातल्या शेंगा सांडल्या, तिने त्या वेचल्याही नाहीत. रहीमभाई जवळ येऊन म्हणाला, "बेटा, ये क्या कर दी तू." एवढंच. मग त्याने टीव्ही बंद केला. तिसऱ्या भागात काय झालं ते आमच्याकडे कोणालाच कळलं नाही.

घरी बापाने मला एक शब्द लावला नाही. मायने भाकर वाढली. मी खाल्लीही. रहीमभाई पुन्हा हिंदी पिक्चर लावायला लागला, त्या पिक्चरांना सांगणारा लागत नव्हता, आणि दारावरून लोक बापाला विचारायचे, "का हो, आज कोनाची माय?" उन्हाळा संपायच्या आत बाप आदिलाबादकडच्या एका जिनिंगमध्ये कामाला गेला. पाऊस लागल्यावर विहारात मला वाचायला बोलावलं, मी गेले नाही. बाप दोनदा घरी आला. तिसऱ्यांदा त्याची बातमी आली. तिकडे जिनिंगमध्येही तो हळूच बोलायचा, असं त्याच्याबरोबरचा माणूस म्हणाला.

हे सगळं आता लिहायचं कारण माझी नात तन्वी. मी तिच्याकडे यवतमाळला राहते. त्या पिक्चरचे आता किती भाग झालेत ते तिलाही बोटांवर मोजावं लागतं. जाड जाड कादंबऱ्या आहेत. परदेशातलं ते गाव अजून आहे, वाढलंय. तन्वी आणि तिचे दोस्त फोनवर तासन्‌तास त्याबद्दल भांडतात. कोणता भाग चांगला, कोणती कादंबरी खरी धरायची, गावात गेलं तर आधी कशात बसायचं. माझी भाजी निवडून होते, यांचं भांडण संपत नाही. त्यांना वाटतं हा नाद त्यांच्या पिढीने काढला.

गेल्या महिन्यात एका दुपारी तिने जुने तीन भाग लावले, हिंदी आवाजातले. "आजी, बस. तुला कळणार नाही, पण बस." मी बसले. ग्रेडर आला, रांग आली. पांढऱ्या वेणीची म्हातारी आली आणि तिने त्या पोराच्या हाताकडे पाहिलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "माय हाय थे त्याची."

तन्वी हसली. म्हणाली, बघू या. तिसऱ्या भागात, अगदी शेवटाकडे, म्हातारी स्वतःच्या तोंडाने सांगते. ती त्याची माय असते. त्याच्या मागे कोणी जाऊ नये म्हणून ती वापस गेलेली असते.

मी पिवळ्या कागदाच्या पुस्तकाबद्दल विचारलं. तन्वी म्हणाली, "अगं, तेव्हा कोणीही उठून छापायचं. लिहिणाऱ्याने तिसरा भाग बघितलाही नसेल. मनचंच ठोकून दिलं असणार."

मी पुढे काही सांगायच्या आत तिने फोन उचलला आणि तिच्या सगळ्या दोस्तांना कळवलं: माझ्या चौथी शिकलेल्या आजीने पहिल्या भागातच ओळखलं, जे भल्याभल्यांना शेवटपर्यंत ओळखता आलं नव्हतं. फोन वाजत राहिला. तन्वी एकेक वाचून दाखवत होती. आजी कमाल आहे. आजीला तिकडच्या गावात न्या, धुरपतेच्या खुर्चीत बसवून फोटो काढा. पिक्चरमधल्या म्हातारीला ते दुसऱ्याच नावाने ओळखतात. धुरपता मी म्हणते. टाळ्या वाजवणारे हातच हात त्या फोनवर येत होते.

सांगायला पाहिजे होतं की मी ओळखलं नाही, ज्याने ओळखलं तो माणूस वेगळा. मी सांगितलं नाही. तन्वी वाचत होती, आणि वाचन चालू असताना मी मधे बोलले नाही. बापाच्या हातचं मी दुसऱ्यांदा घेतलं, आणि या वेळी टाळ्यासुद्धा मिळाल्या.